लॅपटॉप एक्सचेंजमध्ये द्यायचा की अजून वापरायचा?

'जुना द्या, नवा न्या' अशा पाट्या दुकानांवर लागल्या की या सदराकडे लॅपटॉपबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतली सात इथे घेतली आहेत. एक्सचेंजची किंमत बहुतेकांनी आधी विचारली आहे, आणि लॅपटॉपमधला नेमका कोणता भाग अडतो आहे हे पाहिलेलंच नाही. आमच्या मते क्रम उलटा हवा. एक सूचना : २०२५च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे (चालू कामाची तात्पुरती स्मृती) भाव जोरात चढले, एसएसडीही (हार्डडिस्कची जागा घेणारी चिपवरची साठवण) महागली. त्यामुळे सुट्या भागांच्या किमती इथे छापलेल्या नाहीत. त्या दिवशीचा भाव दोन दुकानांत विचारून घ्या.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. २०१८ साली घेतलेला लॅपटॉप आहे. इंटेल आय-५ ८२५०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. चालू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, ब्राउझर उघडला की सगळं अडकतं. स्क्रीन आणि कीबोर्ड उत्तम आहेत. दुकानदार एक्सचेंजमध्ये ४,५०० रुपये देतो म्हणतो. द्यावा का? (मिरज)

उत्तर : देऊ नका. तुमचा प्रोसेसर अजून कामाचा आहे. ८२५०यू हा इंटेलच्या आठव्या पिढीचा, चार कोअरचा प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते याच पिढीपासून. अडतंय ते हार्डडिस्कपाशी आणि ४ जीबी रॅमपाशी. हे दोन्ही बदलता येतात.

आधी खात्री करून घ्या. लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जा. 'डिस्क'चा आलेख १०० टक्क्यांना चिकटलेला आणि 'सीपीयू' मात्र २०-३० टक्क्यांवर रेंगाळतोय असं दिसलं, तर डिस्कच मागे पडते आहे. ही हार्डडिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी असते; एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. डिस्क वाचणारं हेड सरकून नेमक्या जागेवर येईपर्यंत दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला शंभरही छोटी वाचनं होत नाहीत. विंडोज सुरू होताना अशा हजारो वाचनांची रांग लागलेली असते. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे ती रांग भराभर उपसली जाते. त्यात तुमची रॅम ४ जीबी. ती भरली की विंडोज तिच्यातला माल त्याच दमलेल्या डिस्कवर नेऊन ठेवतं आणि परत आणतं. म्हणून ब्राउझर उघडताच सगळं थबकतं.

घ्यायचं काय? ५०० जीबीची एसएसडी आणि ८ जीबीची एक डीडीआर-४ रॅम, लॅपटॉपच्या आखूड मापाची. टास्क मॅनेजरमध्येच 'मेमरी'वर टिचकी मारा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर दोनपैकी एक असं दिसलं तर दुसरा खण रिकामा आहे. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम बोर्डावर डकवलेली आहे, निघणार नाही. अशा वेळी मोकळा खण असेल तरच वाढ होईल. या प्रोसेसरचा रॅमचा वेग २,४०० आहे. बाजारात २,६६६ किंवा ३,२०० ची मिळाली तरी चालते, ती २,४०० वरच धावेल. डीडीआर-३ मात्र बसणारच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते.

एसएसडीच्या बाबतीत घोळ जास्त होतो. २.५ इंची साटा एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते आणि हार्डडिस्कच्या जागी सरळ बसते. तुमच्या लॅपटॉपमध्ये कदाचित एम.२ चा खणही असेल, च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या एसएसडीसाठी. त्यात जोडणीच्या दोन जाती आहेत, जुनी साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. दोन्ही एकाच खणात शिरू शकतात, पण बोर्ड फक्त साटा ओळखत असेल तर एनव्हीएमई पट्टी बसूनही दिसत नाही. दुकानदार म्हणतो पट्टी खराब, ग्राहक म्हणतो लॅपटॉप खराब. दोन्ही धड असतात. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या आपापल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वेबसाइटवर फुकट ठेवतात. मॉडेलचं पूर्ण नाव टाकून ते उतरवून घ्या. खण कोणत्या जातीचा, पट्टी किती लांबीची (बहुधा ८० मिलिमीटर) आणि झाकण कसं उघडायचं हे सगळं त्यात चित्रांसह असतं.

काम सुरू करण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. निळा 'गुड' दिसला तर ठीक. पिवळा 'कॉशन' असेल आणि 'रीअलोकेटेड' किंवा 'करंट पेंडिंग' सेक्टरसमोर शून्याऐवजी आकडा असेल, तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. अशा डिस्कचं क्लोन (नव्या डिस्कवर हुबेहूब प्रत) करत बसू नका, तासन्‌तास वाचत राहण्यातच ती मान टाकते. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा.

डिस्क धड असली तरी क्लोनपेक्षा विंडोज कोरं टाकावं असं आमचं मत आहे. आठ वर्षांचा गाळ नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज ११ उतरवा. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचं लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलली तरी इंटरनेट लागताच ते आपोआप चालू होतं. लायसन्सची नवी 'की' (क्रमांक) विकत घ्यायला कोणी सांगितलं तर घेऊ नका.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडा. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असू शकतात आणि सीडी ड्राइव्ह असेल तर आधी तो बाहेर ओढावा लागतो. स्क्रू वाटीत एकत्र टाकू नका. कागदावर झाकणाची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तळहाताखालच्या प्लास्टिकला टेंगूळ येतं किंवा बोर्डाला इजा होते. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीची वायर सोडवणं. वायर धरून नाही, प्लगला धरून. रॅम तिरपी, साधारण ३० अंशांत आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चापांचा 'टक्' असा आवाज यायला हवा. लॅपटॉप चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. दहापैकी नऊ वेळा रॅम पुरती बसलेली नसते.

विंडोज टाकताना एसएसडी दिसली नाही, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) साटा मोड 'एएचसीआय' आहे का ते बघा. विंडोज ११ने टीपीएम (सुरक्षेची सोय) नसल्याची तक्रार केली तर बायोसमध्ये इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचं अंगचंच टीपीएम, चालू करा. काढलेली हार्डडिस्क फेकू नका. यूएसबी ३ च्या २.५ इंची केसिंगमध्ये घातली की ती बॅकअपची डिस्क होते. अर्थात तिची तब्येत निळी असेल तरच.

प्रश्न : लॅपटॉपचा टचपॅड आठवड्याभरात वर उचलला गेला आहे, क्लिक होत नाही. झाकणही नीट मिटत नाही. लॅपटॉप चालतोय. असाच एक्सचेंजला दिला तर चालेल? (नांदेड)

उत्तर : बॅटरी फुगली आहे. हे वाचत असाल त्या क्षणापासून चार्जिंग थांबवा, लॅपटॉप बंद करा. लिथियम बॅटरीच्या आतलं रसायन खराब होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. ते दाबलं, टोचलं, वाकवलं तर आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतं. टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका, झाकण जोराने मिटू नका. लॅपटॉप गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर न ठेवता फरशीवर, सावलीत, पडद्यांपासून दूर ठेवा.

बॅटरी माहितगार तंत्रज्ञाकडूनच काढून घ्या. ती चिकटपट्टीने डकवलेली असेल तर घरी स्क्रूड्रायव्हरने उचकटायच्या भानगडीत पडू नका, पाकीट फाटतं ते तिथेच. नवी घेताना जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळायला हवेत. 'तुमच्याच मॉडेलची आहे' एवढ्यावर भागत नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबला जातो तेव्हा ती पेटते. अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्या. फुगलेल्या बॅटरीसकट लॅपटॉप कुरिअरने न्यायला येणाऱ्याला न सांगता देणं म्हणजे त्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. बॅटरी बदलल्यावर टचपॅड बहुतेक वेळा आपोआप जागेवर बसतो. मगच देण्या-न देण्याचं ठरवा.

प्रश्न : मी कर सल्लागार आहे. आय-३ ६००६यू, ८ जीबी रॅम, एसएसडी आधीच टाकलेली, विंडोज १०. वेग ठीक आहे. टॅली, जीएसटी आणि डिजिटल सहीचं काम यावरच चालतं, शिवाय दहा-बारा वर्षांच्या मराठी पत्रांच्या फायली आहेत. तंत्रज्ञ म्हणतो, 'युक्तीने विंडोज ११ टाकून देतो.' टाकावं का? (बार्शी)

उत्तर : तुमच्या कामासाठी नाही. हा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. युक्तीने ते चालतं हे खरं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हातानेच टाकावी लागते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट घेतली तरी त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. पन्नास-साठ लोकांचे पॅन, बँक खाती, पासवर्ड ज्या मशीनवर आहेत, त्याला सुरक्षेची अपडेट नसणं आम्हाला मान्य नाही. इथे नवा लॅपटॉप घ्या. वेग ठीक असला तरी घ्या.

स्थलांतर मात्र घाईने करू नका. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून इंटरनेट चालू असताना आधी 'सरेंडर' करा, मग नव्यावर चालू करा. सरेंडर न करता डिस्क पुसली की नव्या मशीनवर अडतं. डेटाचा टॅलीतून बॅकअप घ्या आणि शिवाय अख्खा डेटा फोल्डरही कॉपी करा. नव्या मशीनवर एका कंपनीचा ताळेबंद उघडून आकडे जुळले की पुढचं पाऊल. डिजिटल सही यूएसबी टोकनच्या आतच असते, ती कॉपी होत नाही आणि करावीही लागत नाही. नव्या मशीनवर टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलचं सही करण्याचं सॉफ्टवेअर टाकलं की झालं. टोकनचा पासवर्ड अंदाजाने मारू नका. ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं.

मराठी फायलींकडे विशेष लक्ष द्या. त्या युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आत साठलेली अक्षरं प्रत्यक्षात रोमन असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो. म्हणून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले ते फॉन्ट आधी वेगळे जपून ठेवा. जुनं टायपिंग सॉफ्टवेअर डाँगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या खुंटीवर) चालत असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या मशीनवर चालेल का ते बनवणाऱ्यांकडून विचारून घ्या. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, फार जुने १६ बिटचे प्रोग्रॅम त्यावर चालतच नाहीत.

कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. बदलल्यावर तपासायचं कसं? जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचं उलट, तो पूर्वी अक्षरानंतर यायचा, आता 'र्' आधी येतो. चुका तिथेच होतात. 'स्थिती', 'कार्यालय', 'वर्षे', 'पुऱ्या', 'दृष्टी' हे शब्द आणि रकमांचे आकडे शोधून पाहा. हे शाबूत असतील तर बाकीचं बहुधा शाबूत असतं. हे सगळं पुरं होईपर्यंत जुना लॅपटॉप देऊ नका, नेटला न जोडता ठेवा. नंतर त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं तर घरातल्या मुलांच्या अभ्यासाला तो उत्तम चालेल.

प्रश्न : झाकण उघडताना डाव्या बिजागरीपाशी प्लास्टिक फाकतं आणि 'कट्' असा आवाज येतो. बाकी लॅपटॉप तीन वर्षांचा, चांगला आहे. (चिपळूण)

उत्तर : आता झाकण उघडमीट थांबवा. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत बसतात. बिजागरी आवळली गेली किंवा झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं, की त्या नळ्या मुळापासून उपटतात. तसंच वापरत राहिलात तर स्क्रीनची केबल आणि वायफायची तार चिरडते, मग खर्च दुपटीचा. सुपरग्लू लावू नका. तो ठिसूळ असतो आणि झिरपून बिजागरीच आखडवतो. नळ्या दोन ट्यूबच्या इपॉक्सीने बसवाव्यात, २४ तास सुकू द्याव्यात आणि बिजागरीचा नट पाव फेरा सैल करावा. पॅनेल फारच तुटलं असेल तर त्या मॉडेलचं आख्खं पॅनेल बदलून मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या लॅपटॉपचे असे सुटे भाग शोधता येतात. तीन वर्षांचा लॅपटॉप बिजागरीसाठी एक्सचेंजला देऊ नका, याच एका दोषासाठी दुकानदार किंमत फार पाडतो.

प्रश्न : मुलीकडे मॅकबुक एअर एम-१ आहे, ८ जीबी आणि २५६ जीबीचा. जागा सतत भरते. आत जास्त जागा बसवून मिळेल का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. या मॉडेलमध्ये रॅम आणि स्टोरेज दोन्ही डकवलेले आहेत. प्रश्न फक्त जागेचा असेल तर यूएसबी-सी ची बाहेरची एसएसडी घ्या आणि फोटो, व्हिडिओ तिच्यावर हलवा. आतल्या डिस्कवर ३०-४० जीबी तरी मोकळे राहू द्या. मग 'अॅक्टिव्हिटी मॉनिटर'मध्ये मेमरीचा पट्टा पाहा. नेहमीच्या कामात तो हिरवा राहत असेल तर मशीन बदलायचं कारण नाही. सतत पिवळा-लाल होत असेल तर ८ जीबी अपुरी पडते आहे आणि एक्सचेंज रास्त आहे. ज्यांच्याकडे इंटेलचा मॅक आहे त्यांनी मात्र निर्णय लांबवू नये. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं अॅपलनेच जाहीर केलं आहे, आणि तीही काही मोजक्याच इंटेल मॉडेलवर चालते. देताना 'फाइंड माय' (हरवलेलं मशीन शोधण्याची आणि कुलूपबंद करण्याची सोय) बंद करून खात्यातून बाहेर पडा, नाहीतर पुढच्याला तो उघडताच येत नाही आणि व्यवहार मोडतो.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, 'डेटा आम्हीच उडवतो, तुम्ही फक्त लॅपटॉप आणा.' एक्सचेंजचे ६,००० मिळतील म्हणतो. व्यवहार बरा वाटतो का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आधी पैशांचं बघू. दुकानदाराला एक साधा प्रश्न विचारा : 'जुना दिला नाही तर आजची शेवटची किंमत काय?' समजा नव्याची किंमत ४८,९९० आहे. एक्सचेंजने ती ४२,९९० होते. पण एक्सचेंज न करता कार्डावर ३,००० ची सूट आहे आणि दोन्ही सवलती एकत्र मिळत नाहीत. म्हणजे तुमच्या जुन्या लॅपटॉपची खरी किंमत ३,००० झाली. तेवढ्यात तो ओळखीतल्या विद्यार्थ्याला दिलेला चांगला की नाही, हे तुम्ही ठरवा.

किंमत ठरते प्रोसेसरची पिढी आणि बाहेरची अवस्था यांवर. मागाहून वाढवलेली रॅम आणि एसएसडी यांचे पैसे फारसे कोणी धरत नाही. म्हणून ती काढून मूळचे भाग परत बसवा आणि जे आत आहे तेच फॉर्मवर लिहा. ऑनलाइन किंमत काढली असेल तर घरी येणारा माणूस ती हमखास तपासून कापतो. तो येण्याआधी तुम्हीच पाहा : काळ्या, पांढऱ्या आणि लाल पूर्ण स्क्रीनवर ठिपके दिसतात का, प्रत्येक कळ उमटते का, कॅमेरा, वायफाय, सगळे यूएसबी. चार्जर मूळचाच द्या. बॅटरीचा पुरावा हवा असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये रोमन अक्षरांत 'पॉवरसीएफजी', एक जागा, तिरकी रेघ आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी दिसतात.

आता डेटा. तो दुसऱ्याकडून उडवून घेऊ नका. नुसतं फॉरमॅट केलं की फायलींची अनुक्रमणिका जाते, मजकूर तिथेच राहतो; फुकटच्या प्रोग्रॅमने तो परत निघतो. आधी दोन ठिकाणी बॅकअप घ्या आणि त्यांतल्या पाच-सहा फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ई-मेलच्या जुन्या फायली आणि डेस्कटॉपवर पडलेले आधार-पॅनचे स्कॅन हेच सहसा राहून जातात. बिटलॉकर (डिस्कवरच्या मजकुराला विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी 'की' मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे बायोसला हात लावण्याआधी पाहा.

मग 'सेटिंग्ज'मधून 'रीसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. हा पर्याय आपणहून चालू नसतो आणि तोच महत्त्वाचा आहे. १ टीबीच्या हार्डडिस्कवर याला बरेच तास लागतात. चार्जर लावून रात्री सोडून द्या. ज्यांच्याकडे अशिलांची किंवा रुग्णांची कागदपत्रं आहेत त्यांनी डिस्क काढून ठेवावी आणि डिस्कशिवाय जी किंमत येईल ती घ्यावी. मशीन सोपवताना मेमरी कार्ड आणि वायरलेस माउसचा नखाएवढा रिसीव्हर काढून घ्या. पावतीवर लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि तारीख लिहून घ्या. उद्या त्या मशीनचा कुठे गैरवापर झाला तर तोच कागद तुमच्या हाताशी असेल.

प्रश्न : माझा लॅपटॉप दुरुस्त होण्यापलीकडे गेला आहे. त्याच्या बदल्यात 'रायझन ५, ७००० सिरीज' आणि ८ जीबी असलेला स्वस्त लॅपटॉप मिळतो आहे. नावावरून नवा वाटतो. घ्यावा का? (कोल्हापूर)

उत्तर : पूर्ण नंबर विचारा. त्या मालिकेत तिसरा आकडा प्रोसेसरची खरी पिढी सांगतो; या पिढ्यांना 'झेन' म्हणतात. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन-२, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन-३, ७५४०यू मधला ४ म्हणजे झेन-४. नाव तिघांचंही रायझन ५. ७५२०यू ला चारच कोअर आहेत आणि त्याच्यासोबत येणारी रॅम बोर्डावर डकवलेली असते. ८ जीबीचा घेतलात तर ८ जीबीवरच त्याचं आयुष्य जाईल. टायपिंग, ई-मेल आणि व्हिडिओ कॉलपुरता तो चालेल, पण सहा-सात वर्षं काढायची असतील तर तो घेऊ नये असं आम्ही स्पष्ट सांगतो.

घ्यायचा तर असा बघा : ७५३०यू किंवा त्याच्या बरोबरीचा इंटेल, रॅम १६ जीबी किंवा ८ जीबी आणि एक मोकळा खण, एम.२ एनव्हीएमई एसएसडी. ज्यावर 'ईएमएमसी ६४ जीबी' (बोर्डावर डकवलेली संथ साठवण) लिहिलं असेल तो कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा. विंडोजची अपडेटच त्यात मावत नाहीत. स्क्रीन आयपीएस (बाजूनेही रंग नीट दाखवणारी) आहे का ते विचारू नका, स्वतः बघा. झाकण मागे झुकवा, बाजूने आणि खालून पाहा. रंग उलटेपालटे झाले, चेहरे काळपट दिसले तर ती टीएन पॅनेल. आणि दुकानातच झाकण बरोबर मधोमध एका बोटाने उचलून पाहा. खालचा भाग सोबत उचलला गेला आणि बिजागरी दगडासारखी ताठ लागली, तर चिपळूणच्या वाचकांचा प्रश्न तीन वर्षांनी तुमचाही होण्याची शक्यता आहे. दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.